माल खरा होता, मग भागधारकाच्या हाती शून्य का आलं?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकांचा आहे. थोडक्यात असा: "डॅनिमर सायंटिफिक या अमेरिकी कंपनीचे शेअर मी २०२१ मध्ये घेतले. भाव पडत गेला तसे आणखी घेऊन सरासरी करत राहिलो. एकूण २००० झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या २००० चे ५० झाले, मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आता खात्यात शून्य दिसतं. अटलांटात राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांचंही हेच झालं. समुद्रात विरघळणारं प्लॅस्टिक, पेप्सिको आणि मार्ससारखी नावं सोबत, मग हे झालं कसं? ही फसवणूक होती का? आम्ही कंपनीला इतके ईमेल पाठवले, एकालाही धड उत्तर आलं नाही. पैसे परत मिळायचा काही मार्ग आहे का? आणि या क्षेत्रात पुन्हा पैसे घालावेत का?"

तुमचा संताप मला समजतो, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मी सव्वीस वर्षं प्लॅस्टिकच्या धंद्यात आहे. पहिली बारा भोसरी आणि चाकणला मशीनवर, कंपाउंडिंग (प्लॅस्टिकमध्ये इतर घटक मिसळणं) आणि एक्स्ट्रूजन (ते वितळवून साच्याच्या तोंडातून ढकलणं) यांत. त्यानंतर पॉलिमर आणि रसायन कंपन्यांचे ताळेबंद वाचणं हेच काम. त्यामुळे या गोष्टीच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत, प्लॅस्टिकच्या दाण्यांचीही आणि आकड्यांचीही. दाणे खरे होते. आकडेही कंपनीने दर तिमाहीला छापले होते. ते दोन्ही शेजारी ठेवून वाचायला कोणी सांगितलं नाही, ही खरी हळहळ आहे.

आधी मालाचं. डॅनिमर बनवत होती ते पीएचए, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीअल्कानोएट. काही जिवाणू जास्तीचं अन्न मिळालं की ते अंगात साठवतात, जसं आपल्या अंगावर चरबी चढते तसं. डॅनिमर त्यांना कॅनोलाचं तेल खाऊ घालायची, मग पेशी फोडून ही 'चरबी' वेगळी काढून तिचे दाणे करायची. मूळ तंत्रज्ञान प्रॉक्टर अँड गॅम्बलचं. २००७ मध्ये डॅनिमरकडच्या मंडळींनी ते विकत घेतलं, नाव 'नोडॅक्स'. जिवाणूंनीच बनवलेलं असल्यामुळे मातीतले आणि पाण्यातले दुसरे जिवाणू ते खाऊ शकतात. तुम्ही 'विरघळणारं' म्हणालात, तेवढी एक दुरुस्ती: ते विरघळत नाही, खाल्लं जातं. खायला किती वेळ लागणार हे वस्तू किती जाड आहे, पाणी किती थंड आहे, तिथे जिवाणू किती आहेत यावर ठरतं. मार्च २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने शास्त्रज्ञांना विचारून नेमकं हेच छापलं, की कंपनीचे दावे वाटतात तितके सरसकट खरे नाहीत, आणि भाव एका दिवसात दणकन आपटला. महिन्याभरात स्प्रूस पॉइंट या शॉर्ट सेलर, म्हणजे भाव पडला की कमावणाऱ्या, संस्थेचा अहवाल आला. तुमच्यासारख्या अनेक छोट्या भागधारकांच्या मनात तेव्हापासून बसलंय की कंपनी शॉर्टवाल्यांनी मारली.

मला तसं वाटत नाही. का, ते सांगण्याआधी मशीनवरची एक रात्र सांगतो.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात आम्ही पीएचए असलेल्या कंपाउंडची स्ट्रॉची ट्रायल घेतली. २५ किलोच्या तीन पिशव्या. लाइन नेहमीची, पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे साध्या स्ट्रॉच्या प्लॅस्टिकची. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं आणि आपण ते २०० ते २३० वर निवांत चालवतो. चूक झाली तर सावरायला बरीच जागा असते. पीएचएला ती जागा नाही. या घराण्यातला सर्वात साधा पॉलिमर १७५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या जरा वर गेला की साखळ्या तुटायला लागतात. रात्रपाळीचा ऑपरेटर हुशार होता, वीस वर्षांचा अनुभव. डायवर, म्हणजे माल बाहेर पडतो त्या तोंडावर, प्रेशर वाढलेलं दिसलं आणि सवयीने त्याने बॅरलचं तापमान दहा अंशांनी वाढवलं. प्रॉपिलीनला हाच उपाय असतो. दोन मिनिटांत डायमधून येणारी नळी पाण्यासारखी पातळ झाली आणि शेडभर आंबट, नाकात जाणारा वास सुटला. तो क्रोटोनिक आम्लाचा वास, म्हणजे पॉलिमर तुटल्याची वर्दी. आतला सगळा माल काढून मशीन साफ केलं, पुन्हा सुरू केलं. आता दुसरी अडचण: माल लवकर घट्ट होत नाही, ओल्या कणकेसारखा चिकट राहतो. पाण्याच्या टाकीतून बाहेर येईपर्यंत नळी चपटी व्हायची. शेवटी लाइनचा वेग निम्म्यावर आणला तेव्हा कुठे गोल स्ट्रॉ पडायला लागली. सकाळपर्यंत तीन पिशव्यांपैकी एक पिशवीभर चांगला माल निघाला.

त्यातल्या वीसेक स्ट्रॉ मी घरी नेल्या आणि कुंडीच्या मातीत पुरल्या. पावसाळा संपल्यावर उकरलं तर जाळीसारखे तुकडे हाताला लागले, बोटांनी चुरले जात होते. शेजारी पुरलेली प्रॉपिलीनची स्ट्रॉ धुऊन पुसली असती तर पुन्हा वापरता आली असती. त्या दिवशी या मालावर माझा विश्वास बसला, तो अजून आहे. पण ट्रायलच्या रात्रीच हेही कळलं होतं, की दाणे प्रॉपिलीनपेक्षा कित्येक पट महाग, वर मशीनचा वेग निम्मा, वर रिजेक्शन. स्ट्रॉ बनवणारा कारखानदार हे सगळं कोणाच्या खिशातून भरणार? गिऱ्हाईक देणार असेल तरच. आणि गिऱ्हाईक मोठी कंपनी असली की ती आधी 'भागीदारी' जाहीर करते, मग नमुने मागते, मग वर्षभर चाचण्या करते, मग आपल्या स्ट्रॉवाल्याला आणि कटलरीवाल्याला भाव पाडून मागते. जाहीर केलेली भागीदारी आणि दर महिन्याला निघणारा ट्रक यांच्यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

ही दोन-तीन वर्षं कोणाच्या पैशावर काढायची, या एका प्रश्नावर डॅनिमर बुडाली.

आकडे बघा. कंपनी २९ डिसेंबर २०२० ला स्पॅकच्या मार्गाने न्यूयॉर्क शेअर बाजारात आली. लाइव्ह ओक नावाचं आधीच पैसे उभे केलेलं रिकामं खोकं होतं, त्यात ही कंपनी विलीन झाली. स्पॅकचा मूळ भाव १० डॉलर. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर साठ डॉलरच्या वर गेला होता. त्या वर्षी कंपनीची विक्री किती होती? सुमारे ५.९ कोटी डॉलर. त्यातही सुरुवातीच्या वर्षांत मोठा वाटा नोडॅक्सचा नव्हता. बाहेरून घेतलेल्या पीएलएत (साखरेपासून बनणारं दुसरं जैव-प्लॅस्टिक) मिसळून विकलेल्या कंपाउंडचा होता. आपण भाव देत होतो नोडॅक्सच्या भविष्याचा आणि गल्ल्यात पैसे येत होते दुसऱ्याच मालाचे. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा पीएलएची ती विक्रीही घसरली. विक्री २०२२ मध्ये ५.३ कोटी, २०२३ मध्ये ४.७ कोटी.

खर्चाची बाजू अशी. केंटकीतल्या विंचेस्टरच्या कारखान्याचं विस्तारीकरण. ऑगस्ट २०२१ मध्ये नोव्होमर ही कंपनी सुमारे १५ कोटी डॉलरना घेतली. जॉर्जियात बेनब्रिजला नव्या भव्य कारखान्याची जमवाजमव सुरू केली आणि पुढे ती थांबवावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये २४ कोटी डॉलरच्या कन्व्हर्टिबल नोटा, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे, काढल्या, व्याज ३.२५ टक्के. २०२१ अखेर हातात सुमारे २८.६ कोटी डॉलर रोख होते. २०२२ अखेर उरले ६.३ कोटी. एका वर्षात बावीस कोटी डॉलर गेले. हा आकडा वार्षिक अहवालाच्या रोख प्रवाहाच्या पानावर सरळ लिहिलेला होता. मी त्या वर्षी ज्या ज्या छोट्या गुंतवणूकदारांशी बोललो, त्यांच्यापैकी एकानेही ते पान उघडलं नव्हतं. मार्सच्या स्किटल्स गोळ्यांना डॅनिमरच्या मालाचं पाकीट येणार, ही बातमी मात्र सगळ्यांना पाठ होती. तुम्हाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. बातमी सापडायला सोपी असते, ते पान दीडशे पानांच्या आत असतं.

मग मार्च २०२३. हाच क्षण मी वळणाचा मानतो. कंपनीने १३ कोटी डॉलरचं तारणी कर्ज घेतलं, व्याज १४.४ टक्के. चहाचा कप बाजूला ठेवून हा हिशेब करा: १३ कोटींवर १४.४ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १.८७ कोटी. जुन्या नोटांचं व्याज ७८ लाख. दोन्ही मिळून साधारण २.६५ कोटी. त्या वर्षाची सगळी विक्री ४.७ कोटी. म्हणजे गिऱ्हाइकाकडून आलेल्या दर रुपयातले पंचावन्न पैशांहून जास्त केवळ व्याजाला. आणि उरलेल्या पंचेचाळीस पैशांत तेल, वीज, पगार, वाफ, वाहतूक काहीच भागत नव्हतं, कारण विकलेल्या मालाचा उत्पादनखर्चच विक्रीपेक्षा जास्त होता. त्या वर्षीचा निव्वळ तोटा सुमारे १५.५ कोटी डॉलर. ज्या सावकाराला हे सगळं दिसत होतं त्याने १४.४ टक्के मागितले आणि वर तारण घेतलं. तुम्ही त्याच सुमारास 'स्वस्त झालाय' म्हणून सरासरी करत होतात, विनातारण.

इथे कोणी खोटं बोललं असेलच असं नाही. कारखाना मोठा होता, वर्षाला साडेसहा कोटी पौंड माल काढू शकेल इतका. तो भरून चालला असता तर दर पौंडामागचा खर्च खाली आला असता, हे गणित बरोबर होतं. पण आंबवण्याच्या टाक्या भरलेल्या असोत वा रिकाम्या, त्यांचा घसारा, भाडं आणि माणसं तेवढीच लागतात. कटलरीच्या ज्या मोठ्या ऑर्डरवर २०२४ ची भिस्त होती ती लांबत गेली. ऑर्डर रद्द झाली असती तर भांडता आलं असतं. ती फक्त उशिरा येत राहिली, आणि व्याज वेळेवर येत राहिलं.

फसवणूक होती का, याचं कायदेशीर उत्तर: गुंतवणूकदारांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा लावला होता, तो न्यायालयाने फेटाळला. अमेरिकेत अशा दाव्यात 'दावा अतिरंजित होता' एवढं पुरत नाही. व्यवस्थापनाने जाणूनबुजून दिशाभूल केली हे दावा दाखल करतानाच ठोस तपशिलांसह मांडावं लागतं. शिवाय १९९५ च्या कायद्याने भविष्याविषयीच्या विधानांना, योग्य इशारे जोडलेले असतील तर, संरक्षण दिलंय. तिमाही सादरीकरणाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात जो मजकूर असतो तो याच संरक्षणासाठी असतो. आपण तो ओलांडून तिसऱ्या पानावरच्या रंगीत चित्रांकडे जातो.

ईमेलला उत्तर का आलं नाही, त्याबद्दल तुमच्या मनात अपमानाची भावना आहे असं प्रश्नावरून वाटलं, म्हणून हे नीट सांगतो. अमेरिकेत २००० पासून 'रेग्युलेशन फेअर डिस्क्लोजर' नावाचा नियम आहे. भावावर परिणाम करणारी माहिती काही निवडक गुंतवणूकदारांना किंवा विश्लेषकांना आधी सांगता येत नाही. सांगायची तर सगळ्यांना एकदम. "ऑर्डर कधी येणार?" या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर गुंतवणूकदार विभागातल्या त्या माणसाला माहीत असलं तरी तो ते तुम्हाला लिहू शकत नव्हता. त्यामुळे येतात ती गुळगुळीत, छापील उत्तरं. माझी तक्रार वेगळी आहे. अडचणीतल्या कंपनीचं व्यवस्थापन तिमाही कॉलवर ठरलेल्या विश्लेषकांचे प्रश्न घेतं, आणि शेकडो छोट्या भागधारकांच्या मनातला साधा प्रश्न, "रोख कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल?", सरळ शब्दांत कोणी विचारत नाही. काही कंपन्या आता छोट्या भागधारकांकडून आधी प्रश्न मागवून त्यातले जास्त पसंती मिळालेले कॉलवर घेतात. जिथे ही सोय आहे तिथे ती वापरा आणि उत्पादनाबद्दल विचारू नका, रोखीबद्दल विचारा.

आता २००० चे ५० का झाले. न्यूयॉर्क शेअर बाजारात सरासरी भाव सलग तीस दिवस एका डॉलरच्या खाली राहिला की नोटीस येते आणि तो वर आणायला सहा महिने मिळतात. भाव वर आणायचा सोपा मार्ग म्हणजे रिव्हर्स स्प्लिट: चाळीस शेअरचा एक. कागदावर तुमची किंमत तीच राहते. पण अशा कंपनीत तो आजाराचं लक्षण असतो, आणि नंतर भाव बहुतेक वेळा पुन्हा घसरतो, कारण रोख तर वाढलेली नसते. बाजाराचा दुसरा नियम जास्त कडक आहे: कंपनीचं एकूण बाजारमूल्य सलग तीस दिवसांच्या सरासरीने दीड कोटी डॉलरच्या खाली गेलं की व्यवहार लगेच थांबवतात, सहा महिन्यांची मुदत वगैरे नाही. डॅनिमर आधी बाजारातून बाहेर गेली आणि १८ मार्च २०२५ ला डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरी कायद्याच्या 'चॅप्टर ११'खाली अर्ज झाला.

दिवाळखोरीतला क्रम आपल्याकडच्या पंगतीसारखा असतो. पहिल्या पानावर तारण असलेले सावकार बसतात. मग दिवाळखोरीचा खर्च: वकील, सल्लागार, कंपनी सुरू ठेवायला नव्याने दिलेलं कर्ज. मग पगार, कर. मग विनातारण देणी: तेल पुरवणारा, वाहतूकवाला, कन्व्हर्टिबल नोटावाले. भागधारक शेवटच्या पंगतीला. आधीच्या पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं पूर्ण जेवण झाल्याशिवाय त्याच्या पानावर शीतही पडत नाही, असा कायदाच आहे. कंपनी जोरात चालते तेव्हा उरलेलं सगळं शेवटच्या पंगतीचं असतं, म्हणून तर आपण शेअर घेतो. पण जिथे आधीच ३७ कोटींची देणी जेवायला बसली आहेत आणि भांड्यात काही नाही, तिथे आपल्या पानाचं काय होणार हे अर्ज करायच्या दोन वर्षं आधी दिसत होतं. मालमत्ता पुढे टेक्नॉर एपेक्स या मोठ्या कंपाउंडिंग कंपनीकडे गेली. दाणे बनवायची विद्या जिवंत राहिली.

हे सगळं पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि माझी खरी तळमळ इथे आहे. मेटाबॉलिक्सची गोष्ट तुम्हाला २०२१ मध्ये कोणी सांगितली असती तर कदाचित तुम्ही २००० ऐवजी २०० शेअर घेतले असते.

मेटाबॉलिक्स ही मॅसॅच्युसेट्सची कंपनी, १९९२ मध्ये एमआयटीच्या संशोधनातून निघालेली. माल तोच, पीएचए. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये १४ डॉलरने शेअर विक्री. सोबत आर्चर डॅनियल्स मिडलँडसारखी बलाढ्य धान्य कंपनी. दोघांची 'टेलिस' नावाची भागीदारी, आयोवातल्या क्लिंटनला वर्षाला ५०,००० टन क्षमतेचा कारखाना. जानेवारी २०१२ मध्ये आर्चर डॅनियल्सने सांगितलं की खर्च आणि बाजाराचा वेग पाहता परतावा फार अनिश्चित आहे, आम्ही बाहेर पडतो. मेटाबॉलिक्सचा भाव निम्म्याहून खाली आला. २०१५ मध्ये रिव्हर्स स्प्लिट, सहाचा एक. २०१६ मध्ये पीएचएचं तंत्रज्ञान कोरियाच्या सीजे चेइलजेदांगला १ कोटी डॉलरना विकलं. कंपनीने नाव बदललं, 'यील्ड१० बायोसायन्स', पिकांच्या संशोधनाकडे वळली. २०१७ मध्ये दहाचा एक. २०२० मध्ये चाळीसचा एक. २०२४ मध्ये चोवीसचा एक. डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी. आता गुणाकार करा: सहा गुणिले दहा गुणिले चाळीस गुणिले चोवीस. सत्तावन्न हजार सहाशे. २००६ मध्ये १४ डॉलरने घेतलेल्या ५७,६०० शेअरचा, म्हणजे आठ लाख डॉलरच्या गुंतवणुकीचा, शेवटी एक शेअर उरला, आणि तोही गेला.

आणि पीएचए? सीजेने इंडोनेशियात पासुरुआनला २०२२ मध्ये ५,००० टनांचा कारखाना सुरू केला. जपानची कानेका ताकासागोला आपलं पीएचए बनवते आहे. पीएलएचं बघाल तर नेब्रास्कातल्या ब्लेअरचा नेचरवर्क्सचा कारखाना २००२ पासून चालू आहे, मागे कारगिल उभी. थायलंडमध्ये टोटलएनर्जीज आणि कॉर्बियनचा ७५,००० टनांचा. टिकलेली ही नावं एका ओळीत ठेवली की दिसतं: सगळी मोठ्या घरची लेकरं. कानेकाचं पीएचए दहा वर्षं तोट्यात राहिलं तरी बाकीची रसायनं घर चालवतात. एकट्या पीएचएवर उभ्या राहिलेल्या, शेअर बाजारातून पैसे घेऊन चालणाऱ्या कंपनीला ही दहा वर्षं मिळत नाहीत. इटलीत बोलोन्याची बायो-ऑन २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने दिवाळखोर जाहीर केली. त्याच्या वर्षभर आधी ती तिथल्या बाजाराची लाडकी होती. तिची कहाणी वेगळी आणि जास्त गढूळ आहे, त्यात इथे शिरत नाही.

म्हणून पुन्हा पैसे घालावेत का, या प्रश्नाला माझं उत्तर: मालावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण पैसे घालायच्या आधी चार पानं काढून बघा. हातातली रोख भागिले गेल्या दोन तिमाहींत सरासरी जळालेली रोख. आठ तिमाहींपेक्षा कमी आली तर पुढचा पैसा तुमच्या वाट्यातून किंवा तुमच्या पुढे बसणाऱ्या सावकाराकडून येणार, हे धरून चाला. विक्रीतून थेट उत्पादनखर्च वजा केल्यावर काही उरतं का? उणे असेल तर जास्त माल विकणं म्हणजे बऱ्याचदा जास्त तोटा. ग्राहकाशी झालेला करार 'घ्या नाहीतर पैसे द्या' प्रकारचा आहे, की नुसता इरादापत्राचा? आणि कर्जाचा व्याजदर. बँकेने किंवा सावकाराने दहा टक्क्यांच्या वर मागितले असतील तर त्याने तुमच्यापेक्षा जास्त कागद बघून मागितले आहेत.

आपल्याकडेही आता ही हवा आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. पुण्याच्या प्राजने जेजुरीला जैव-पॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारलाय. बलरामपूर चिनी उत्तर प्रदेशात कुंभीला उसापासून पीएलएचा मोठा कारखाना उभारते आहे. या दोन्हींना एक आधार आहे जो डॅनिमरला नव्हता: मुख्य धंदा दुसरा आहे, साखर, इथेनॉल, यंत्रसामग्री, आणि पैसा तिथून येतो. तरी तिथेही बघायचं तेच: कर्ज किती, आणि कारखाना अर्धा रिकामा चालला तर मूळ धंदा ते किती वर्षं सोसेल. बंदीचा कायदा मागणी कागदावर तयार करतो. भाजी मंडईत बंदी असलेली पातळ पिशवी दिसायची थांबली तर ती मागणी खरी होते. तुमच्या नाशिकच्या भाजीबाजारात एक फेरी मारली तर कुठल्याही ब्रोकरच्या अहवालापेक्षा जास्त कळेल.

आता पैशांचं जे सावरता येईल ते. खात्यातले पैसे परत येतील अशी आशा धरू नका. आणि इथे मी हात जोडून सांगतो: "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन आला तर तो बंद करा, ईमेल आला तर उत्तर देऊ नका. दिवाळखोरीनंतर भागधारकांच्या याद्या फिरतात आणि असे फोन येतात. कुठलंही न्यायालय किंवा ट्रस्टी भागधारकाकडून आगाऊ फी मागत नाही. तसंच, दिवाळखोर कंपनीचा शेअर कधी कधी मुख्य शेअर बाजाराबाहेरच्या व्यवहारांत, नावाच्या शेवटी 'क्यू' अक्षर लावून, काही पैशांत फिरतो. तो उचलून सरासरी आणखी खाली आणायचा मोह झाला, तर वर सांगितलेली पंगत डोळ्यांसमोर आणा.

तोटा मात्र वाया घालवू नका. मेहुण्यांचं सोपं आहे. अमेरिकी करकायद्यात पूर्ण निरुपयोगी झालेला शेअर त्या करवर्षाच्या शेवटच्या दिवशी शून्याला विकला असं धरतात. फॉर्म ८९४९ वर दाखवायचं. इतर भांडवली नफ्यातून वजा होईल, आणि नफा नसेल तर पगारी उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत, उरलेला पुढच्या वर्षांना. नेमकं वर्ष चुकलं तरी निरुपयोगी शेअरसाठी परतावा मागायची मुदत नेहमीच्या तीन वर्षांऐवजी सात वर्षं असते. त्यामुळे त्यांनी ब्रोकरकडून शेअर खात्यातून काढल्याचं पत्र मिळवून जपून ठेवावं.

तुमचं जरा किचकट आहे. भारतात परदेशी शेअर चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की दीर्घकालीन. त्याचा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. अडचण अशी की तोटा धरायला 'हस्तांतरण' व्हावं लागतं. शेअर नुसता शून्याला आला म्हणून हस्तांतरण होत नाही; तुमचा हक्कच संपला, शेअर रद्द झाला, असं दाखवणारा कागद लागतो. ब्रोकर ॲपच्या मदत विभागाला लिहून दिवाळखोरी आराखड्याखाली शेअर रद्द झाल्याची तारीख आणि पुरावा मागा. शून्य दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो पुरणार नाही. तो कागद आला की परदेशी शेअरची सवय असलेल्या सीएकडे जा, आणि जाताना २०२१ पासूनच्या प्रत्येक खरेदीची पावती व त्या दिवसाचा डॉलरचा दर सोबत न्या. विवरणपत्रातल्या 'शेड्यूल एफए'मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, हे शेअर दरवर्षी दाखवलेत का, तेही त्याच वेळी तपासून घ्या. भाव शून्य असला तरी धारण केलेल्या वर्षांची नोंद लागते, आणि ती राहून गेली असेल तर सुधारित विवरणपत्राची मुदत संपायच्या आत दुरुस्त करा.